मोठ्या मायची व्हॅलिडिटी

(रंगमंचावर एक लोखंडी खुर्ची. खुर्चीवर रबरानं गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी. कलाकार येतो, पिशवीकडं बघत नाही.)

डेबिट कार्ड कुणाकुणाच्या खिशात आहे? हात वर करा. वा, वा, सगळं दुसरबीड श्रीमंत! आता ज्यानं या महिन्यात ते कार्ड दुकानात घासलं त्यानंच हात वर ठेवा. (थांबतो) गेले. सगळे खाली गेले. एक काका अजून वर आहेत. काका, घासलंय की खाजवताय?

नोव्हेंबर २०१६ आठवतो? आठ तारीख, रात्रीचे आठ. दोन दिवसांत अख्खा देश रांगेत. तेव्हा आपल्याकडं कार्ड घासायचं मशीन आलं. दुकानदारानं हळदकुंकू लावून ते गणपतीशेजारी ठेवलं. पण गणपतीपाशी रेंज नाही! रेंज कुठं? दुकानाच्या पत्र्यावर. मग नोकर मशीन घेऊन पत्र्यावर, गिऱ्हाईक खाली रस्त्यावर. वरून हाक, "पिन टाका!" आता हा खालून पिन टाकणार कसा? हा ओरडतो, "चार, सात, सात, एक!" नोकर वरून, "एक का सात?" स्टँडवरची मंडळी एकसुरात, "एक! एक!" त्या वर्षी राहेरीच्या पुलापासून किनगाव राजापर्यंत कुणाचाच पिन गुप्त राहिला नव्हता.

आणि एटीएम! आपल्या जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी होते. अक्षय तृतीयेला घट मांडतात, पहाटे बघून सांगतात, पाऊस कसा, कपाशी कशी, राजाची गादी हलते का राहते. एवढं सगळं सांगतात, पण मशीनमध्ये नोटा कवा येतील, ते सांगायची हिंमत आजवर कुणी केली नाही.

मग आला तो क्यूआरचा कागद. यूपीआय खरं तर नोटबंदीच्या आधीच, एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं, पण आपल्याला ते कळलं टपरीवर डबडं बोलायला लागलं तेव्हा. "दहा रुपये प्राप्त हुए!" ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींच्या वर व्यवहार झाले. त्यातले निम्मे चहाचे असावेत, हा आपला माझा अंदाज. आणि डेबिट कार्ड? यूपीआय चालू करताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे मागतात, वैधतेची तारीख मागतात, झालं. डेबिट कार्ड म्हणजे सासरा हो! एकदा कन्यादानाला लागतो. पुढं आयुष्यभर भिंतीकडच्या खुर्चीत.

गंमत अशी की देशात डेबिट कार्डं नव्वद कोटींच्या वर आणि क्रेडिट कार्डं २०२४ मध्ये कुठं दहा कोटींच्या वर गेली. तरी दुकानात जास्त घासली जातात ती क्रेडिट कार्डं. म्हणजे स्वतःचे पैसे आहेत तो घरात बसलाय, आणि ज्याचे नाहीत तो मॉलमध्ये. यात नवल वाटणारा माणूस आमच्या दाजींना भेटलेला नाही.

(खिशातून पाकीट काढतो, छातीशी धरतो.)

दाजी पुण्यात असतात. मी मास्तर. पगाराचं खातं म्हणून बँकेनं मला क्रेडिट कार्ड दिलं. हे दाजींना कुणी सांगितलं? माझ्या सख्ख्या बहिणीनं! दिवाळीच्या आधी फोन. "मास्तर, फ्रीजवर दहा टक्के सूट आहे, पण फक्त तुमच्या बँकेच्या कार्डावर. आकडे सांगता का? हप्ता दर महिन्याला पाठवतो." पहिला हप्ता आला. स्क्रीनशॉटसकट, खाली हात जोडलेले. दुसऱ्या महिन्यात नुसते जोडलेले हात आले. तिसऱ्या महिन्यात "शुभ सकाळ", गुलाबाचं फूल. आता जावयाला पैसे मागायचे कसे? महाराष्ट्रात वसुलीचे कायदे लय आहेत, पण जावयापर्यंत एकही पोचत नाही. फ्रीज पुण्यात थंड, मास्तर दुसरबीडात गरम.

आणि मी काय केलं? बिलावर मोठ्या अक्षरात एक आकडा असतो आणि खाली प्रेमानं एक बारका आकडा, "किमान देय रक्कम". बिलाच्या पाच टक्के वगैरे. मी म्हटलं, केवढी माणुसकी! भरत गेलो बारका आकडा. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचे बेचाळीस! मंडळी, आपल्या राज्यात २०१४ चा सावकारी कायदा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर नऊ टक्के, विनातारण बारा टक्के घेता येतात. बेचाळीस घेतले तर सहायक निबंधक गाडी घेऊन दारात. बँकेनं घेतले तर मेसेज येतो, "प्रिय ग्राहक." राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली सांगितलं होतं, कार्डावर तीस टक्क्यांच्या वर व्याज नको. ते प्रकरण सोळा वर्षं चाललं आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो आदेशच रद्द केला. आमच्या गावच्या जुन्या सावकारानं पेपरात वाचलं, चष्मा काढला, म्हणे, "आपण उगीचच बदनाम झालो."

वर ते सिबिल! बाजूच्या अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरला, मुलाचा सिबिल बघून लग्न मोडल्याची बातमी आली होती. मुलीच्या मामानं विचारलं म्हणे. आमच्या वेळी मामा काय विचारायचे? वावर किती, विहिरीला पाणी किती. आता छत्तीस गुण जुळले तरी साडेसातशे पाहिजेत. दाजींच्या लग्नाच्या वेळी सिबिल बघायची पद्धत असती, तर माझी बहीण आज... (गप्प होतो, विंगेकडं बघतो) ती आलीय का? नाही ना? बरं.

(पदर घेतल्यासारखं उपरणं डोक्यावरून घेतो. आवाज मोठ्या मायचा.)

"का रे बाप्पा, काय सांगू राह्यला लोकाइले?"

ही आमची मोठी माय. माझ्या मोठ्या बाबांची बायको. फोन कुणाचाही वाजो, उचलते ही. कार्डवाल्या कंपनीच्या पोरीचा फोन, "मॅडम, आपके पास क्रेडिट कार्ड है?"

"हाय ना बाई. किसान क्रेडिट कार्ड."

तिचं बरोबरच आहे. १९९८ पासून आमच्याकडं क्रेडिट कार्ड म्हणजे पीककर्ज. पुण्याची पोरं आत्ता शिकली, आम्ही तवाच थकलो होतो.

"मॅडम, लिमिट कितना है?"

"चार एकर."

"नहीं मॅडम, अमाउंट..."

"सोयाबीन पेरलं त वायलं, कपाशी पेरली त वायलं. तू काय पेरतं?"

"मॅडम, हमारे कार्ड पे एअरपोर्ट लाउंज फ्री है. आप बैठ सकते हो, खाना खा सकते हो."

"आमच्या कार्डावर बी बसाले भेटते. बँकेच्या ओट्यावर, सकाळून त दिवस बुडालोक. डबा घरून न्या लागते."

पोरीनं फोन ठेवला नाही. मोठ्या मायनं ठेवला. जाता जाता, "लगन झालं का तुह्यं?"

(खुर्चीवरची पिशवी उचलतो, रबर सोडतो. एकेक वस्तू काढतो.)

हा तिचा खजिना. आधार. पासबुक. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या शेअरची पावती. कारखान्याचं धुराडं थंड होऊन जमाना झाला, पावतीला मात्र अजून उदबत्ती. आणि हे, जनधनचं रुपे कार्ड. ऑगस्ट २०१४ मध्ये योजना आली, त्याच धामधुमीत हिचं खातं निघालं. कार्ड हातात घेऊन उलटं केलं, सुलटं केलं.

"माह्यं नाव कुठी हाय?"

आता त्या कार्डावर नाव नव्हतंच. घाऊक छापलेली कार्डं, नुसते सोळा आकडे. मी म्हटलं, "माय, नाव बँकेत हाय. बाहीर फक्त तारीख हाय."

"कायची तारीख?"

मी मास्तर. सवयीनं वाचून दाखवलं, "व्हॅलिड थ्रू. इथलोक चालंल."

मोठी माय गप्प. मंग हळूच, "म्हंजे मी कवालोक हाय, थे बी लिवलं का त्याइनं?"

(थांबतो.)

सांगायचा लय प्रयत्न केला. ऐकलं नाही. तिनं घरात जाहीर केलं, सरकारनं तारीख देली. पापड त्या हिशेबानं केले. लोणचं घातलं नाही, "मुरालोक कोन राह्यते?" एक गाय होती, ती विकली नाही, म्हणे गाईची तारीख पुढची असंल.

वरून कार्डावर विमा. अपघाताचा, तिच्या जुन्या खात्याला एक लाखाचा. २८ ऑगस्ट २०१८ नंतर ज्यांनी खातं काढलं त्यांना दोन लाख. म्हणजे मरणातही उशिरा येणाऱ्याचा फायदा. पण अट आहे. अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं पाहिजे.

"आन तापानं मेलं त?"

"नाही भेटत माय."

"म्हातारपनानं?"

"नाही."

"म्हंजे घरात मेलं त फुकट गेलं मानूस!"

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी तिला मोटारसायकलवर बसवून एटीएमला नेतो. काढायचं काही नसतं. बाकी बघायची, झालं. जाताना मागून दंडाला धरते. "हळू चालव. हळू! खड्डा हाय. ट्रक जाऊ दे. अजून घासलं नाही रे बाप्पा, आत्ता काही झालं त बुडलो!" सायकलवाले आम्हाला मागं टाकून जातात. एटीएमला पोचलो. कार्ड आत, कार्ड बाहेर. चिठ्ठी आली. चिठ्ठी चोळीत. मागं बसली, पदर खोचला.

"हां. आता हाण!"

(प्रचंड वेग. हँडल, वारा, मागं मोठी माय उभी राहिल्यासारखी.)

"अजून हाण! थो ट्रक दिसते का, त्याच्या बाजूनं घे! डर नको, नव्वद दिवस हायत!"

(हळूहळू थांबतो. उपरणं खांद्यावर येतं.)

एकदा विचारलं मी, माय, एवढा आटापिटा काहून? तुले काय करायचे लाख रुपये?

तर ती सांगते. वावर मोठ्या बाबांच्या नावचं, ते गेले, पोरांच्या नावचं झालं. घर पोरांचं. भांड्यावर नाव ज्यानं लग्नात दिलं त्याचं. तिची एक लेक आहे, नवऱ्यानं टाकून दिलेली. माहेरच्या ओसरीत मशीन चालवते, ब्लाऊज शिवते. खातं काढताना कारकून म्हणाला, वारस म्हणून मुलाचं नाव सांगा. आयुष्यात कधी साहेबासमोर मान वर न केलेली बाई. म्हणे, "पोरीचं लिवा." तो म्हणे, दोन दोन मुलं आहेत ना आजी? "त्याइले वावर हाय. पोरीचं लिवा." तीनदा म्हटलं म्हणे. तवा कुठं लिहिलं त्यानं.

मला बोलता येईना. डोळे भरून आले. मोठ्या मायनं पाहिलं, पाठीवर हात ठेवला.

"रडू नको रे. तू गाडी अशीच चालवत राह्यला त मी अपघातानंच मरीन."

तर मग कार्डाची मुदत आली. तो महिना सगळं घर श्वास धरून. तिनं नवं लुगडं काढून ठेवलं. महिना गेला. मोठी माय आहे तशीच. उलट खोकला गेला. बँकेत नेलं, साहेबांनी जुनं कार्ड कात्रीनं कापलं. हिनं डोळे मिटून घेतले. आणि दिलं की हो नवं! मी तारीख वाचली. बाहेर आली ती ओट्यावर बसलेल्या बायांना सांगतच, "पाच वर्सं वाढवून देले! साहेब चांगला हाय. लोनचं घालते आता."

घरी आली आणि सगळ्यांची कार्डं तपासायला बसली. माझं पाहिलं, ठीक. बायकोचं पाहिलं, माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त, म्हणे "सोभते." मग माझा फोन घेतला, दाजींना लावला. स्पीकरवर.

"जवाईबापू, बरे हा ना? तुमच्या कार्डावर कवालोक हाय हो?"

दाजी बिचारे पुण्याचे. वाटलं, म्हातारीला यूपीआय जोडायचंय. "माझं ना मोठी माय? बघतो हां. अरेच्चा, माझं तर याच महिन्यात संपतंय!"

(मोठी माय फोनकडं बघते. कपाळावर हात. मग शांतपणे, गंभीर, जावयाला शोभेल अशा मानानं.)

"मंग जवाईबापू, आमच्या मास्तरचे फ्रीजचे पैसे आजच धाडून द्या. वर हिसोब न्या लागत नाही."

(फोनमधून डबड्याचा आवाज. "अठरा हजार रुपये प्राप्त हुए." अंधार.)