‘घर बदलत असल्यामुळे विकणे आहे’ यांस

सन्माननीय विक्रेते महोदय,



आपल्याकडून पंचावन्न इंची ओएलईडी टीव्ही नेल्याला महिना झाला. आपण घर बदलणार होतात ना? परवा कोथरूडला त्याच गॅलरीत आपले तेच टॉवेल वाळत होते. मुहूर्त लांबला असावा.

‘‘टीव्ही बघतो कोण! आई रोज तासभर मालिका बघते, बस,’’ असं आपण म्हणालात. वर पेनड्राइव्ह लावून रंगीबेरंगी मासे दाखवलेत. आम्ही खुळे मासेच बघत बसलो.

घरी येऊन क्रिकेट लावलं, तर हिरव्यागार मैदानावर खाली एक फिकट पट्टी आणि कोपऱ्यात वृत्तवाहिनीचं चिन्ह! आता आमच्याकडे कीर्तन लागलं तरी खाली ब्रेकिंग न्यूज असते.

मेकॅनिकने समजावलं. ओएलईडीत पडद्यामागे दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि उजळता उजळता झिजतो. एकच पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी तळपली की तिथले ठिपके बाकीच्यांआधी म्हातारे होतात. कोरा राखाडी किंवा लाल पडदा मिनिटभर लावला असता तरी हे दिसलं असतं. माशांच्या धावपळीत कसं दिसणार? पॅनल बदलायचं तर जवळजवळ नव्या टीव्हीचे पैसे.

मग त्याने सर्व्हिस मेनू उघडला. टीव्ही चालल्याचे तास : 16,800. रोज एक तास धरला तर 46 वर्षं झाली. भारतात रंगीत प्रक्षेपण 1982 साली आलं. मातोश्री त्याच्याही आधीपासून ओएलईडीवर मालिका बघताहेत. त्यांना आमचा साष्टांग नमस्कार सांगा.

‘‘नव्याचे भाव काय झालेत!’’ असंही आपण म्हणाला होतात. 22 सप्टेंबर 2025पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18वर आला. एवढ्या बातम्या बघणाऱ्या घरात नेमकी हीच कशी सुटली?

एक गोष्ट मात्र आपण खरी सांगितलीत : टेम्पोत टीव्ही आडवा टाकू नका, उभाच न्या. तसाच नेला. पट्टीसकट सुखरूप पोचला.

पैसे परत मागत नाही. रिमोटच्या सेलचं झाकण तेवढं आलेलं नाही; सध्या रबरबँड लावलाय. घर बदलताना सापडलंच, तर पाठवून द्यावं.

आपला,
पट्टीवरचा प्रेक्षक