पंचावन्न अधिक दहा

आमच्या गॅलरीसमोर महापालिकेचं मैदान आहे. फ्लॅट घेताना बिल्डरने 'समोर मोकळं' म्हणून चौरस फुटामागे जादा पैसे मोजून घेतले, आणि आम्हीही ते कौतुकाने मोजले. तिथे दिवाळी पहाट होते, झुंबा होतो, कुणाकुणाचे अभीष्टचिंतन सोहळे होतात, आणि थंडी सुरू झाल्यापासून दर शनिवारी हौशी गायकांचा कराओके. हौशी गायकांबद्दल माझी तक्रार नाही, मीही आंघोळ करताना गातो. पण मी कडी लावतो.

त्या शनिवारी बेसचा ठोका असा काही घुमायला लागला, की मांडणीवरचे स्टीलचे डबे किणकिणू लागले, साबुदाण्याचा डबा सरकत सरकत थेट कडेला आला, आणि तो वाचवायला मी झेप घेतली तेव्हा माझ्या कोपराने शेजारचा दाण्याच्या कुटाचा डबा आडवा केला. साबुदाणा सुखरूप राहिला. सौ. म्हणाली, "तक्रार तरी करा, नाहीतर केर तरी काढा."

मला तक्रार सोपी वाटली.

आता मी पडलो रीतसर माणूस, म्हणजे समोरासमोर भांडायला घाबरणारा. म्हणून आधी नियम वाचले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. घरवस्तीत दिवसा ५५ डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. मेख पुढेच होती: दिवसा नुसती मर्यादा ओलांडून भागत नाही, ती किमान दहा डेसिबलने ओलांडली गेली तरच नागरिकाने तक्रार करायची. म्हणजे ६५. त्यात दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते म्हणे. जन्मभर बँकेत चक्रवाढ व्याज काढलेला मी, पण इथे मीही हात टेकले.

मोबाइलवर डेसिबल मोजायचं ॲप उतरवून घेतलं आणि पुढच्या शनिवारी कानटोपी घालून गॅलरीत उभा राहिलो. ६१. ६३. ६२. एरवी बेंबीच्या देठापासून ओरडणारी मंडळी त्या दिवशी नेमकी अंगाईच्या सुरात गात होती, आणि मी कठडा धरून मनातल्या मनात त्यांना विनवत होतो, की अहो, जरा वरची पट्टी घ्या, असं काय मरगळल्यासारखं! तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.ने विचारलं, "किती झाले?" मी सांगितलं, "त्रेसष्ट!" आणि बघतो तर काय, पडद्यावर ८४. आनंदाने थरथरत्या बोटांनी मी स्क्रीनशॉट काढला. तो आकडा नक्की कुणाचा, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

'विषय: मैदानावरील कर्णकर्कश आवाजाबाबत' असा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो. एका टेबलाने सांगितलं, आम्ही फक्त मैदान भाड्याने देतो. दुसऱ्याने सांगितलं, आम्ही मांडवाची परवानगी बघतो, आवाज मांडवात येत नाही. आवक-जावकच्या बाईंनी मात्र अर्ज घेतला, वाचला, 'कर्णकर्कश'मधला रफार नीट काढल्याबद्दल शाबासकी दिली आणि शिक्का उचलता उचलता म्हणाल्या, "काका, लाउडस्पीकरचा परवाना पोलिसांकडून मिळतो. इथे का आलात?" मी नागरिकांच्या हक्कांवर बोलायला सुरुवात केली. माझी गाडी जेमतेम वेग घेत होती तोच आतल्या केबिनचं दार उघडून शिपाई बाहेर आला.

"हळू बोला. आत साहेबांना फोनवर ऐकू येत नाहीये."

पोलीस चौकीत मात्र हवालदार सज्जन भेटले. स्क्रीनशॉट त्यांनी बराच वेळ न्याहाळला. म्हणाले, मोबाइलचा आकडा ग्राह्य नाही, आम्ही आमचं मीटर घेऊन येतो. मग आवाज खाली आणून माझ्याकडे झुकून म्हणाले, "आणि घाबरू नका. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा, असं हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्येच सांगितलंय. तुमचं नाव आमच्याकडून फुटणार नाही." मला गहिवरून आलं. आयोजकांचा मुलगा आमच्या नातवाच्या वर्गात आहे, आणि सोसायटीत पाणी सोडण्याच्या वेळा त्याच्या काकांच्या हातात.

शनिवारी ते खरंच आले. फाटकाशी उभे राहून त्यांनी मीटर वर धरलं, एकवार सगळ्या इमारतीवर नजर टाकली आणि खालून मला काहीतरी विचारलं. गाणं टिपेला पोचलं होतं, ऐकू येईना. मी कानाला हात लावला. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा "काय?" म्हटलं, मग त्यांनी बोटाने आधी स्पीकर दाखवला, मग मला दाखवलं, आणि प्रश्न एकदाचा उमगला म्हणून मी कठड्यावरून अर्धा बाहेर वाकून, दोन्ही हातांचा कर्णा करून, असेल नसेल तेवढा दम लावून उत्तर दिलं.

गाणं त्याच क्षणी संपलं.

"हो! मीच केलीय तक्रार!"

मैदान गप्प. खुर्च्यांच्या सगळ्या रांगा मान वळवून वर बघू लागल्या. हवालदारांनी मीटर हळूच खिशात घातलं आणि ते चपलेचा अंगठा तपासू लागले. निवेदकाने मात्र प्रसंगावधान राखलं. "मंडळी, वरच्या काकांचा आवाज ऐकलात? माइकशिवाय! काका, पुढच्या शनिवारी तुमचं नाव घालू का?"

मी मान हलवणार, तेवढ्यात मागून सौ. गॅलरीत आली, पदराला हात पुसत.

"घाला," ती म्हणाली. "घरी रोज फुकट गातात."