बादलीतला जीव

सुट्टीच्या दिवशी सकाळी चितेगावहून पैठणच्या दिशेने जाणाऱ्या मोटारसायकलींत एक लगेच ओळखू येते. मागे बसलेल्याच्या मांडीवर झाकणाची बादली असते आणि गतिरोधक आला की तो स्वतःचं कंबरडं सोडून बादली सावरतो. हा गळवाला. आठवडाभर कारखान्यात पाळ्या करणारा हा गडी गावाला शिकारी वाटतो, घरच्यांना रिकामटेकडा. माझ्या मते तो दोन्ही नाही. भर हिवाळ्यात गळाला लावायचा जिवंत चारा घेऊन मरळ माशामागे निघालेला माणूस मुळात मत्स्यपालक असतो; फक्त हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यासाठी अनुदानही मिळत नाही.

पुरावा पाण्यातच आहे. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: ३० अंशांना लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास, तर १५ अंशांना दहाच्या. त्यामुळे वैशाखात बादलीत पोट वर करणारी बोटभर मासोळी पौषात दिवसभर टुणटुणीत राहते. मरळीचं मात्र उलटं. माशाचं अंग पाण्याइतकंच गार; पाणी गारठलं की तिची भूक मंदावते. म्हणजे माल ताजा आणि गिऱ्हाईक झोपलेलं, असा हा हंगाम. त्यात मरळ हवेतून श्वास घेणारी. अधूनमधून वर येते, घोटभर हवा गिळते आणि तरंग ठेवून खाली जाते. ती आहे, जागी आहे आणि आपल्याला विचारत नाही, एवढं कळायला गळवाल्याला तेवढा तरंग पुरतो. मग उरलेला दिवस तो काय करतो? बादलीत हात घालण्याआधी हात ओला करतो, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ पाठीवरच्या पराखाली, कण्याला धक्का न लावता, कातडीतून असा ओवतो की मासोळी पोहत राहावी. बादलीतलं पाणी एकदम न बदलता थोडं काढून थोडं तळ्याचं घालतो. उन्हं चढली की स्वतःच्या डोक्याचा गमछा ओला करून बादलीवर टाकतो. सासऱ्यांच्या आजारपणात या माणसाने इतकी धावपळ केल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

कुणी म्हणेल, एवढी माया आहे तर गळाला लावतो कशाला? आक्षेप खरा आहे. स्कॉटलंडमध्ये जिवंत मासा आमिष म्हणून लावायला कायद्याने बंदी आहे आणि तिथल्यांनी काही उगाच डोकं खपवलेलं नाही. पण दिवसाअखेर बादलीतली बहुतेक मंडळी जिवंत असतात, हेही खरं. दुसरा आक्षेप पोटाचा: मासा खायला हवाच की! तर पंचांग पाहावं. ऐन थंडीत मार्गशीर्ष येतो, गुरुवारचे घट बसतात आणि अनेक घरांत महिनाभर मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. गळवाल्याला हे आधीपासून माहीत असतं, तरी तो जातो. तिसरा आक्षेप वेळेचा: अख्खा दिवस फुकट जातो. तर १९७६ साली पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन झालं, १९८६ साली त्याच्या नाथसागर जलाशयाचा परिसर पक्षी अभयारण्य झाला. तेव्हापासून थंडीत काठावर दुर्बीण घेऊन दिवसभर बसणाऱ्याला अभ्यासक म्हणतात. त्याच्या हातीही संध्याकाळी काही नसतं, पण त्याला कुणी ‘काय लागलं?’ म्हणून विचारत नाही. अर्थात अभयारण्यात पक्षीनिरीक्षकाला मुभा आहे, गळवाल्याला नाही. आणि बाहेरच्या तलावांवरही मासे मच्छीमार सोसायटीचे असतात. तेव्हा ‘एकच तर गळ आहे, भाऊ’ हा त्याचा युक्तिवाद कुणी ऐकून घेऊ नये.

त्याच्या पालकपणाचा खरा तोटा वेगळाच आहे आणि तो परतीच्या वेळी दिसतो. दिवसभर जपलेला चारा फेकवत नाही, म्हणून वाटेत दिसेल त्या तळ्यात, शेततळ्यात तो बादली हळूच उपडी करतो आणि पुण्य केल्यासारखा हात पुसतो. त्या बादलीत बहुधा चिलापीची पिल्लं असतात. मूळची आफ्रिकेतली ही जात १९५२ साली भारतात आणली गेली. ती वर्षातून अनेकदा पिल्लं देते, झपाट्याने वाढते आणि स्थानिक माशांची जागा बळकावते. तेव्हा गळवाल्या भाऊंना एकच विनंती: चारा ज्या पाण्यातून धरला, उरलेला त्याच पाण्यात सोडा, नाहीतर घरी नेऊन टाकीत पाळा. पाळायचं कसं, हे तुम्हाला वेगळं शिकवायला नको.