हे नाक कुणाचं?

लग्नाच्या पंगतीत अनोळखी पोराकडे बघून “हे नाक आमच्याच घरचं!” असं ठणकावणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. चतुर आणि टाचणी या कीटकांच्या नादी लागलेला माणूस हळूहळू त्या आत्यासारखाच होतो.

नवखा असतो तोवर तो रंगावर भाळतो. पण रंगाचा काय भरवसा? तळ्याकाठी मिरवणारा क्रोकोथेमिस चतुराचा लालभडक नर उमेदीच्या दिवसांत चक्क पिवळा असतो.

म्हणून आधी बैठक बघावी. बसल्यावर पंख आडवे पसरलेले तर चतुर, पाठीवर मिटलेले तर टाचणी. (लेस्टिडी कुळातल्या टाचण्या बहुधा अर्धवट उघडे ठेवून बसतात. घोळ घातल्याशिवाय निसर्गाला चैन पडत नाही.) नाकावरून ओळख पटवायची हौस असेल, तर सह्याद्रीतल्या ओढ्यांवरच्या क्लोरोसायफिडी टाचण्या गाठाव्यात. चेहरा पुढे आलेला, चांगला नाकाडा, आणि पोट पंखांहूनही आखूड.

चतुरांचं कूळ मात्र डोळ्यांत. एश्निडींचे डोळे डोक्यावर असे भिडतात की मधे लांब शिवण दिसते. संध्याकाळी घरात शिरून ट्यूबलाइटला धडका देणारा लांबडा, तपकिरी पाहुणा बहुधा याच घराण्यातला. गॉम्फिडींच्या दोन डोळ्यांत मात्र सरळ फट. पोटाचं टोकही पुष्कळदा फुगीर.

आता शेताच्या बांधावर बसलेला ऑर्थेट्रम सबिना बघा. अंगावर हिरवे-काळे पट्टे, पोट बुडाशी फुगलेलं, मधे काडीसारखं, टोकाला पुन्हा जाड. सगळा थाट गॉम्फिडीचा! पण समोर जाऊन तोंड बघावं, तर डोळे एकमेकांना चिकटलेले. साहेब निघाले लिबेल्युलिडी कुळातले. तरी पटत नसेल, तर पंखांच्या बुडाजवळ शिरांनी आखलेला छोटा त्रिकोण शोधायचा. गॉम्फिडींच्या पुढच्या-मागच्या पंखांत तो साधारण सारखा असतो. लिबेल्युलिडींच्या मागच्या पंखात आडवा, पुढच्यात उभा. शिवाय मागच्या पंखात शिरांमधल्या घरांचा एक पुंजका, थेट पायमोज्याच्या आकाराचा. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर एफ. सी. फ्रेझर यांनी चतुर-टाचण्यांवर १९३३ ते १९३६ या काळात तीन जाडजूड खंड लिहिले. त्यात अशा शिरांचा हिशेब पानोपानी आहे. माणसांच्या नाड्या बघता बघता त्यांना इतकी सवड कधी मिळाली, कोण जाणे.

आपण फोटो काढतो तो नेमका बाजूने, शेपटीच्या ऐटीला भुलून. डोळ्यांतली फट त्यात दिसतच नाही. समोरून एक आणि वरून एक काढावा. सबिना एकाच काडीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो, त्यामुळे सवड मिळते. त्याला स्वतःला कुळाचं सोयरसुतक नाही. तो इतर चतुरांनाही, अगदी भाऊबंदांनाही, धरून सावकाश खातो, आणि त्याआधी कुणाच्या पंखातले त्रिकोण तपासत नाही.