डिजिटल अटक : होतकरूंसाठी सोपी मार्गदर्शिका

घरबसल्या अटक होण्याची सोय आता झाली आहे. त्यासाठी गुन्हाही करावा लागत नाही. जन्मभराची पुंजी एका दिवसात घालवू इच्छिणाऱ्या नवशिक्यांनी पुढील पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

१. अनोळखी फोन उचला. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, माहितीसाठी नऊ दाबा’ असं ऐकू आलं की दाबा. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत असं कळलं, तर आपण पार्सल पाठवलंच नव्हतं हे आठवू नका.

२. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल घ्या. समोर वर्दी, मागे तिरंगा, पाठोपाठ राजमुद्रेचं वॉरंट. सीबीआयचे साहेब तासन्‌तास तुमच्यासाठी मोकळे आहेत. सायकल चोरीला गेली तेव्हा ठाण्यात किती ताटकळलो, हा विचार मनात आणू नका.

३. कॅमेरा चालू ठेवा. संडासला जायचं तरी साहेबांना विचारा.

४. घरात कुणाला सांगू नका. ही पायरी चुकली की सगळं मुसळ केरात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ नुसार अटक करणाऱ्याचं नाव स्पष्ट दिसावं लागतं आणि अटकेच्या कागदावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते. खऱ्या पोलिसाला साक्षीदार हवा असतो, भामट्याला एकांत. तेव्हा दाराला आतून कडी लावा.

५. एफडी मोडा. ‘रिझर्व्ह बँकेच्या पडताळणीसाठी’ सांगितलेल्या खात्यात सगळी रक्कम भरा. बँकेतल्या मॅडमनी काळजीनं विचारलंच, तर ‘फ्लॅट घेतोय’ म्हणा. पैसे परत मिळण्याची हमी शिक्क्यासह मिळते.

‘आपल्याला कसं जमणार?’ असा न्यूनगंड नको. शिकलेले, व्यवहारात मुरलेलेही यात उत्तीर्ण झाले आहेत. २०२४ मध्ये लुधियानातल्या एका बड्या उद्योगपतींसाठी तर ऑनलाइन खोटं सर्वोच्च न्यायालयच भरवलं गेलं. फी झाली सात कोटी रुपये.

अभ्यासक्रम अर्धवट सोडायचा असेल, तर तेही सोपं आहे. डिजिटल अटक नावाची तरतूद भारतीय कायद्यात नाही. फोन कापा आणि घरातल्यांना हाक मारा. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, त्याच मिनिटाला १९३० लावा. रक्कम खात्याखात्यांतून पांगण्याआधी तक्रार पोचली, तरच ती गोठवता येते.