भिंत पाडून बघा

घराचं रूप पालटायचं ठरलं की पहिला बळी भिंतीचा जातो. फर्निचर नवं करायला पैसे लागतात, माणसं बदलायची सोय नसते, आणि भिंत बिचारी पळून जाऊ शकत नाही.

आमच्या फ्लॅटमध्ये हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे अशी एक साडेचार इंची भिंत होती. डिझायनर मुलीने तिच्यावर टकटक केलं आणि निदान सांगितलं, "काका, ही भिंत तुमच्या घराचा फ्लो अडवतेय." त्यातलं 'काका' मी गिळलं. फ्लोचं मात्र नवल वाटलं. आमच्याकडे सकाळी सगळे बाथरूमकडे आणि रात्री टीव्हीकडे वाहत जातात. त्याला आजवर कुठलीच भिंत आडवी आली नव्हती.

तिच्या नकाशात घरभर हिरवे बाण होते. बाणांच्या वाटेत ना चपला होत्या, ना दळणाचा डबा, ना पावसाळ्यात पंख्याखाली मांडलेला कपड्यांचा स्टँड. आईने चष्मा लावून नकाशा निरखला आणि विचारलं, "यात गव्हाचं पिंप कुठेय गं?" मुलगी म्हणाली, "आजी, ते आपण कन्सील करू." आईला तो पिंप भंगारात द्यायचा सभ्य शब्द वाटला. दोन दिवस ती पिंपाजवळच बसून होती.

मी हिशेब मांडला. रेरा कायद्यानुसार चटई क्षेत्रात फ्लॅटच्या आतल्या भिंतींखालची जागाही धरतात. दहा फूट लांब आणि प्लास्टर धरून अर्धा फूट जाड, म्हणजे पाच चौरस फूट. जिथे चटई घालता येत नाही, त्या चटई क्षेत्राचे पैसे आम्ही मोजले होते! मग मीही भिंतीच्या विरोधी पक्षात गेलो. आमची इमारत आरसीसी सांगाड्याची, भार सगळा कॉलम-बीमवर. भिंत नुसतीच उभी आहे, असं इंजिनिअरने लिहून दिलं. सोसायटीने परवानगी दिली, पण राडारोडा लिफ्टमधून न्यायचा नाही या अटीवर. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. गोणी पाठीवर घेऊन उतरणाऱ्या मजुरांनी मला ज्या नजरेने पाहिलं, तिच्यापुढे सेक्रेटरीची नजर मायाळूच म्हणायची.

भिंत पडली आणि तिची खरी कामं कळायला लागली.

पूर्वी पाहुणे आले की मी "आलोच" म्हणून आत जायचो आणि कुजबुजत विचारायचो, "दूध आहे का?" संसारातला हा महत्त्वाचा सल्लामसलतीचा कक्ष आता हॉलमध्येच आलाय. मी सोफ्यावरून भुवया उडवतो, बायको ओट्याजवळून मान हलवते, आणि मधे बसलेले पाहुणे म्हणतात, "राहू द्या हो, कोरा चहाही चालेल." पोहे पुरणार नाहीत, हेही आता त्यांनाच आधी कळतं. काहीजण तर "खोबरं वरच्या डब्यात बघा" असं सुचवू लागलेत.

लसणाची फोडणी सोफ्याच्या कापडात कायमची राहायला आली. घरून काम करताना माझ्या मीटिंगला कुकर हजर असतो, तिसऱ्या शिट्टीला साहेब म्हणाले, "वरण झालं वाटतं." फायदा एकच. टीव्हीवरची चर्चा फार तापली की बायको चटणी वाटायला घेते.

डिझायनरने धीर दिला, की आधुनिक स्वयंपाकघराचा पायाच कमीत कमी पावलांत काम हा आहे. खरंच आहे ते. 1926 साली मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब असं स्वयंपाकघर आखलं, पावलापावलाचा विचार करून. पुढे त्यांनीच सांगून टाकलं, की तेव्हा मला स्वयंपाकातलं काही येत नव्हतं. हे ऐकून आईने आमच्या डिझायनरकडे बघितलं. पण एक गोष्ट त्या न रांधणाऱ्या बाईंनाही सुचली होती: स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधे त्यांनी सरकतं दार ठेवलं होतं.

आता आम्हीही बसवलंय. काचेचं आहे, भिंत पाडण्याच्या खर्चापेक्षा महाग आहे. फोडणी अडते, भुवया दिसतात. काचेच्या आतल्या बाजूला दुधाच्या खाड्यांचं कॅलेंडर टांगायला जागा नाही, म्हणून ते पिंपावर चिकटवलंय, आणि पिंप हॉलमध्ये हिरव्या बाणाच्या बरोबर मधोमध उभं आहे.

तेव्हा तुमच्या घरी कुणी भिंतीवर टकटक करायला आलं, तर आधी त्याला आमच्याकडे चहाला पाठवा. येताना अर्धा लिटर दूध आणायला सांगा.