विमानातली मान

कॅप्टन रोज दुपारी चार वाजता विमान घेऊन निघतात आणि पावणेसहाच्या सुमाराला चिपीच्या सड्यावर आपटतात. मधल्या वेळात कुणी बेल वाजवायची नाही, हाका मारायच्या नाहीत आणि ‘चहा टाकू का’ असं विचारायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. पहिल्या दोन गोष्टी अलोऱ्यातली अख्खी कॉलनी पाळते. तिसरी काकी पाळत नाहीत, कारण त्या घरात चहा चारला होतो आणि तो विमानाच्या आधीपासून होतो.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. धरण असो, वीजघर असो, साखर कारखाना असो, जिथे कॉलनी तिथे हा असतोच. आमचे कॅप्टन घाटावरून नोकरीला आले आणि कोकणातल्या पावसाला शिव्या देत देत इथेच मुरले. निवृत्तीला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घड्याळात बघायचं कशासाठी हा प्रश्न पडला. अशा वेळी कुणी देवळाच्या कमिटीत शिरतो, कुणी हापूसची कलमं लावून माकडांशी वैर धरतो. यांनी मुलाचा जुना कॉम्प्युटर पुण्याहून मागवला आणि ते वैमानिक झाले.

नोकरी झाली कोयनेच्या चौथ्या टप्प्यात. २५० मेगावॅटचे चार संच, आणि सगळा कारभार डोंगराच्या पोटात. १३ मार्च १९९९ ला शिवसागर जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं, आशियातलं तसलं पहिलं म्हणून गाजलेलं लेक टॅपिंग, ही गोष्ट कॅप्टननी इतक्या वेळा सांगितली आहे की स्फोटाच्या जागी ऐकणाराच आता ‘धडाम’ म्हणतो. भुयारातल्या मशीन हॉलला खिडकी कुठली असणार? बाहेर ऊन आहे की पाऊस, ते पुढच्या पाळीच्या माणसाच्या छत्रीवरून कळायचं. विमानात ते आयुष्यात एकदाच बसले, मुंबई ते दिल्ली, मधल्या सीटवर. खिडकीकडच्या गृहस्थाने बसल्या बसल्या झडप खाली ओढली आणि दिल्लीपर्यंत झोप काढली. त्या गृहस्थाविषयी कॅप्टन अजून बोलतात. पेन्शनविषयीसुद्धा इतक्या पोटतिडकीने बोलत नाहीत.

सिम्युलेटरमध्ये खिडक्या रग्गड, पण पडद्यावर दिसते फक्त समोरची. उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडत जायचं तर धावपट्टी राहते डाव्या खांद्याकडे. वळायचं कधी ते ठरवायला तिकडे बघायला हवं आणि बघायला बटण दाबायला हवं. कॅप्टनचा एक हात जॉयस्टिकवर, दुसरा थ्रॉटलवर. तिसरा त्यांनी काकींकडे मागून पाहिला. मग कुठूनसं कळलं की कॅमेरा आपल्या डोक्यावर नजर ठेवतो आणि आपण मान वळवली की विमानातलीही वळते. ट्रॅकआयआर नावाचं त्याचं तयार यंत्र बाजारात मिळतं. किंमत ऐकून कॅप्टननी कानाला हात लावले आणि सोल्डरिंग आयर्न गरम करायला ठेवलं.

पहिला प्रयोग माकडटोपीवर झाला. कॉलनीतल्या मेलेल्या टीव्ही रिमोटांमधून तीन इन्फ्रारेड एलईडी काढून टोपीवर शिवले, मागे पेन्सिल सेलचा डबा लटकवला. हा उजेड माणसाला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मात्र त्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटातली इन्फ्रारेड अडवणारी काच काढावी लागते आणि साधा उजेड अडवायला भिंगावर काहीतरी लावावं लागतं. धुतलेल्या फिल्मचं काळंकुट्ट टोक या कामाला उत्तम. घरात असा रोल एकच होता, लग्नाचा. आपण फक्त काळं टोक कापलं, हे कॅप्टन आजही शपथेवर सांगतात. काकींच्या मते त्या टोकात त्यांच्या माहेरची माणसं होती.

महिना मे. खिडकीतून माकडटोपी आणि घामाच्या धारा बघून दूधवाल्याने तब्येतीची चौकशी केली. मग फिल्म काढून त्याच कॅमेऱ्यावर मुलाशी बोलणं झालं, तर काच नसल्याने बाबांचा काळा शर्ट जांभळा आणि चेहरा मेणासारखा. पोरगा हबकला. त्याने दुसऱ्याच दिवशी नवा कॅमेरा धाडला आणि फोनवर सांगितलं, टोपीबिपी काही नको, नुसत्या चेहऱ्यावर चालणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते बसवून द्यायला मला बोलावणं आलं.

या कारभारात तीन खाती. एआयट्रॅक चेहरा बघतं आणि डोकं किती अंश वळलं त्याची नोंद करतं. नोंद जाते ओपनट्रॅककडे, पोर्ट नंबर ४२४२. ओपनट्रॅक तिच्यावर शेरा मारून कागद सिम्युलेटरकडे पाठवतं. तिन्ही खाती एकाच डब्यात, तरी कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायचाच. कॅप्टनची सगळी नोकरी सरकारी, त्यामुळे एवढं लगेच कळलं. ४२४२ त्यांनी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी टिपून ठेवलं. महिनाअखेरीला काकी त्यावरून दूधवाल्याशी भांडल्या.

कळेना तो शेरा. डोळे तर पडद्यावरच हवेत, मग मान वळवणार किती? म्हणून तुम्ही पंधरा अंश वळलात की विमानातल्याने नव्वद वळायचं, असा वाढीव हिशेब एका वक्ररेषेत मांडून द्यावा लागतो. मी समजावतोय, हे नुसतेच बघतायत. शेवटी म्हटलं, ‘काका, मध्यावर रेषा थोडी सपाट ठेवायची. म्हणजे बारीकसारीक हललं तरी चित्र हलत नाही.’

कॅप्टन खुर्चीतून उठलेच. ‘अरे, ही तर गव्हर्नरची डेड बँड!’

पुढची चाळीस मिनिटं मी शिकत होतो. फ्रिक्वेन्सी पन्नासच्या जरा इकडेतिकडे झाली की दर वेळी टर्बाइनचं पाणी कमीजास्त करायचं नसतं. केलं तर मशीन हंटिंग करतं, एका जागी ठरत नाही. ‘थोडं दुर्लक्ष करायला गव्हर्नरलासुद्धा शिकवावं लागतं, कळलं का?’

‘काहींना उपजतच येतं,’ आतून काकी म्हणाल्या.

पहिल्या उड्डाणात लक्षात आलं की कॅप्टनची मान कधी रिकामी नसते. सुपारी चघळताना ती डुलते. शेजारी भजन लागलं होतं, दर समेला विमानाने जमीन बघितली. डास आला आणि आम्ही अरबी समुद्र, आभाळ आणि पुन्हा समुद्र असं पाऊण सेकंदात पाहून घेतलं. उतरायला दोनशे फूट राहिले असताना ‘चहा टाकू का’ आलं. कॅप्टननी मानेनेच हो म्हटलं, आणि धावपट्टीच्या जागी वैमानिकाचे गुडघे दिसले. मी ओपनट्रॅकमधला फिल्टर वाढवून दिला. थरथर थांबली, पण आता मान आधी जायची आणि चित्र मागाहून, सावकाश. काकी त्यांना नंदीबैल म्हणतात. ते बरोबर नाही. नंदीबैल निदान विचारल्यावर मान हलवतो.

सिम्युलेटरला खेळणं म्हटलेलं कॅप्टनना खपत नाही. अमेरिकेत एडविन लिंकने १९२९ मध्ये वैमानिकांना शिकवायचं पहिलं नामी यंत्र केलं, ते बापाच्या ऑर्गन आणि पियानोच्या कारखान्यात. त्याची लाकडी केबिन हलायची ती भात्यांच्या हवेवर. हे वाचल्यापासून कॅप्टन कॉलनीच्या भजनात पेटी वाजवताना निराळेच दिसतात.

खरा घोटाळा कातरवेळी झाला. चेहऱ्यावर उजेड समोरून हवा. कॅप्टनची ट्यूब पाठीमागे, आणि चष्म्यावर पडद्याची चकाकी. एआयट्रॅकला कॅप्टन दिसेनासे झाले आणि मागच्या भिंतीवरचे सासरे दिसले. हार घातलेली तसबीर, ट्यूबच्या बरोबर खाली. चित्र एकदम असं स्थिर झालं की कॅप्टन खूश. मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, चष्मा काढून मान गदागदा हलवली. विमान आपलं नाकासमोर. मी कोपऱ्यातल्या चौकटीत डोकावलो, तर हिरवे ठिपके सासऱ्यांच्या मिशांवर. जे हयातभर कुंभार्ली घाटात एसटी शिरली की डोळे मिटून घेत, ते सहा हजार फुटांवर विमान चालवत होते.

काकी हात पुसत बाहेर आल्या, बघितलं. ‘बाबांचं पहिल्यापासून तसंच. एकदा नजर लावली की हलायचे नाहीत.’

तसबीर उतरवायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटी टेबल फिरवलं. आता उजेड चेहऱ्यावर पडतो, सासरे पडद्याच्या वर आहेत, आणि सगळी उड्डाणं त्यांच्या देखरेखीखाली होतात.

मानेला मात्र वाढीव हिशेबाची सवय लागली. गुहागर-विजापूर रस्त्याला लागताना कॅप्टन स्कूटरवर पंधरा अंश वळतात आणि उजवीकडचं सगळं पाहिलं असं समजून गिअर टाकतात. एकदा चिपळूणहून येणारा ट्रक बोंबलत गेला. तेव्हापासून काकी मागे बसून त्यांचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरतात आणि स्वतः नव्वद अंश फिरवतात.

चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. तिथून खरंखुरं उडायचं कॅप्टनच्या मनात आहे, पण खिडकीची सीट त्यांना लेखी हवी आहे.

परवा पाऊस कोसळत होता, म्हणून निघायलाच सात वाजले. मी शेजारी होतो. डाव्या खांद्याकडे चिपीची धावपट्टी आली, २५०० मीटर, जांभ्याच्या सड्यावर आखलेली. कॅप्टननी मान वळवली. मग ते जरा पुढे वाकले, तशी विमानातली काच जवळ आली, आणि खाली किनाऱ्याची पांढरी कड दिसली. वळायची जागा मागे गेली. मी म्हटलं, ‘काका, वळायचं ना?’ ते काही बोलले नाहीत. सुपारी थांबली होती. किनारा संपेपर्यंत ते तसेच बघत राहिले.

आणि लाइट गेली. अलोऱ्याच्या पायथ्याशी ३२० मेगावॅट, डोंगरात आणखी हजार, आणि आम्ही काळोखात.

‘उतरलात का?’ काकींनी विचारलं.

‘नाही. वरच आहे अजून.’

‘मग या खाली. पिठलं निवतंय.’

कॅप्टननी बहुधा मान हलवली. अंधारात ती कुणालाच दिसली नाही.